साक्षीदार मान हलवते

मार्चच्या अठरा तारखेला पाकिटं आली.
कोर्टाच्या पायऱ्यांशी बर्फाचे ढीग अजून तसेच,
कडेने काळे पडलेले.
सुपीरियर सरोवर निम्मं उघडं, निम्मं गोठलेलं.
सगळ्यांना सारख्याच जाडीचं पाकीट: नोंदणी विभाग, बेलिफ, दुभाषी
आणि मी, तिसऱ्या मजल्यावरची लघुलेखिका, वर्ना कांगास,
वय सत्तावन्न, सेवा एकतीस वर्षं चार महिने.

तीन चौकोन आहेत. एकातच खूण करायची,
शुक्रवारी पाचच्या आत.

पहिला: आत्ता जा. साठीला जितकी वर्षं कमी
तितके सहा-सहा टक्के कापले जातील, कायमचे.
कायमचे हा शब्द जाड ठशात आहे.
जन्मठेपसुद्धा आम्ही साध्या अक्षरांत टाइप करतो.

दुसरा: आत्ता जा, रक्कम एकदम घ्या,
आणि पासष्टपर्यंत आजारी पडू नका.
हे शेवटचं फॉर्मवर नाही,
ते मी वाचलं.

तिसरा: थांबा.
थांबणाऱ्यांविषयी फॉर्म पुढे काहीच बोलत नाही.

एल्मर रात्री स्वयंपाकघरात कॅल्क्युलेटर घेऊन बसतो.
पदरात काय पडतं ते बघ, म्हणतो, बाकी सोड.
त्याच्या कागद गिरणीने चौकोन दिले नव्हते,
कुलूप लावलं होतं.
तो आकडे बोलतो आणि टेबलाच्या कडेवर
माझी बोटं ते उतरवून घेतात.
त्याला दिसतं. तो काही म्हणत नाही.

छताला चार मायक्रोफोन बसवलेत.
जानेवारीपासून ऐकताहेत.
त्यांचं मनगट दुखत नाही, त्यांना जेवणाची सुट्टी लागत नाही.
पण परवा सालोबाईंना विचारलं, हाच का तो मुलगा,
आणि त्यांनी नुसती मान हलवली.
चारही मायक्रोफोनांना ती मान ऐकू आली नाही.
मी लिहिलं: साक्षीदार होकारार्थी मान हलवते.

हे सांगून मला काही सिद्ध करायचं नाही.
माझ्याही यंत्राला बावीसच कळा.
एकदा एका बापाने मुलीचं नाव घेण्याआधी श्वास घेतला,
बराच वेळ आत ठेवला.
त्याच्यासाठी कळ नव्हती.
नोंदीत फक्त नाव आहे.

रेनो हाउताला, आमचा बेलिफ,
मागच्या खेपेला पहिल्या चौकोनातून बाहेर पडला.
महिनाभर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला.
मग सकाळी दहाला येऊन मागच्या बाकावर बसू लागला, रोज,
दाढी करून.
सगळ्यांनी उठा, असं आता नवा पोरगा पुकारतो.
रेनोचे ओठ हलतात,
आणि सगळ्यांच्या आधी तो उभा.
सॅन्डविच तो घरूनच आणतो.
कापलेल्या पेन्शनमध्ये खालचं कॅन्टीन बसत नाही.

शुक्रवारी साडेतीनला मी कोरा फॉर्म घेऊन खाली गेले.
मनुष्यबळ विभागातली मुलगी, सव्वीस-सत्तावीसची,
नखांना निळा रंग,
समोर माझी एकतीस वर्षं एका पातळ फाइलीत.
तिने तिन्ही चौकोन पुन्हा समजावले,
टक्के, विमा, तारखा.
मग पेन खाली ठेवून म्हणाली,
ते राहू दे. तुम्हाला काय हवंय?

एकतीस वर्षांत मी कोर्टात दोनच वाक्यं बोलले आहे,
हजारो वेळा, साक्ष मध्येच थांबवून.
थोडं सावकाश, हे त्यातलं एक.

मांडीवर माझी बोटं हलली,
तिचा प्रश्न त्यांनी नीट उतरवून घेतला,
प्रश्नचिन्हासकट.
उत्तराच्या जागी ती थांबली.

कृपया पुन्हा सांगा, मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं.